दुसरं लावा: व्हीआरटीच्या प्रशासक मंडळाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
व्हीआरटी प्रशासक मंडळ, ऑगस्ट रेयर्सलान, ब्रसेल्स

सप्रेम नमस्कार.

मी बेल्जियममधल्या लुव्हेनजवळच्या एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम करते. मूळची पुण्याची. इथे येऊन सतरा वर्षं झाली. डचमध्ये मी नोकरी करते, फॉर्म भरते, मुलांच्या शाळेत जाऊन बोलते, आणि या पत्राची डच प्रत तुमच्याकडे वेगळी पाठवतेच आहे. तरी जे सांगायचं आहे ते आधी माझ्या भाषेत नीट उतरावं असं वाटलं, म्हणून हे मराठीत. इथल्या आणि महाराष्ट्रातल्या मराठी माणसांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे, कारण यातला अर्धा प्रश्न त्यांचाही आहे. त्यांच्यासाठी एवढंच सांगते, की व्हीआरटी म्हणजे बेल्जियमच्या डचभाषक भागाची, फ्लँडर्सची, सार्वजनिक प्रसारण संस्था.

आमच्याकडे संध्याकाळचं जेवण लवकर आटोपतं. आठ वाजेपर्यंत बहुतेक जण आपापल्या खोलीत गेलेले असतात आणि बसायच्या खोलीत तिघं-चौघं उरतात. त्यांत एक निवृत्त शिक्षिका आहेत, नव्वदी ओलांडलेल्या. मी मराठी शाळेत शिकले, त्यामुळे मनातल्या मनात त्यांना 'बाई'च म्हणते. आठ वाजत आले की बाई खुर्चीचा दांडा धरून सरळ बसतात आणि म्हणतात, "दुसरं लावा."

नवीन आलेली एखादी मुलगी रिमोटवर दोनचा आकडा दाबते आणि भलतीच वाहिनी लागते. बाईंचं 'दुसरं' म्हणजे दोन आकडा नव्हे. ते म्हणजे तुमची दुसरी वाहिनी, जिला आज तुम्ही व्हीआरटी कॅनव्हास म्हणता. ती 26 एप्रिल 1977 रोजी बीआरटीची, म्हणजे तेव्हा त्या नावाने चालणाऱ्या तुमच्याच संस्थेची, दुसरी वाहिनी म्हणून सुरू झाली, तेव्हा बाई चाळिशीत होत्या. पुढे तिचं टीव्ही 2 झालं. 1 डिसेंबर 1997 पासून त्याच जागेवर दोन नावं नांदू लागली, दिवसा मुलांचं केटनेट आणि रात्री आठनंतर मोठ्यांचं कॅनव्हास. 2012 च्या मे महिन्यात तुम्ही ओपी 12 नावाची तिसरी वाहिनी काढली, केटनेट तिकडे गेलं आणि कॅनव्हासला आख्खा दिवस मोकळा मिळाला. ओपी 12 हे नाव 2014 च्या शेवटी बंद पडलं, पण केटनेटचं वेगळं घर टिकलं. आता 2022 पासूनच्या नव्या आखणीत इंटरनेटवरच्या व्हीआरटी नूचं व्हीआरटी मॅक्स झालं, 'एन' म्हणजे 'एक' या सुंदर नावाच्या पहिल्या वाहिनीचं व्हीआरटी 1 झालं आणि कॅनव्हासच्या आधीही तुमची तीन अक्षरं येऊन बसली.

इतकी नावं बदलली, बाईंनी एकही उचललं नाही. त्यांचं आपलं 'दुसरं'च चालू आहे. नाव बदललं म्हणून मी भांडायला आलेले नाही, हे आधीच सांगते. माझी काळजी त्या नावाखाली काय राहील याची आहे.

मराठी वाचकांसाठी थोडं मागचं सांगायला हवं. बेल्जियममध्ये सार्वजनिक नभोवाणी 1930 साली एकाच दुभाषी संस्थेच्या छत्राखाली सुरू झाली. फ्लेमिश दूरचित्रवाणी 31 ऑक्टोबर 1953 ला आली, आणि 1960 च्या कायद्याने डच आणि फ्रेंच प्रसारण वेगळं झालं. फ्लँडर्समधल्या लोकांची भाषा डच, पण देशात प्रतिष्ठा फ्रेंचची, आणि घराघरांत बोलली जायची ती ब्राबांटची, लिंबुर्खची किंवा पश्चिम फ्लँडर्सची बोली. अशा काळात बीआरटीने लोकशिक्षणाचं काम अंगावर घेतलं. त्याला डचमध्ये 'फोल्क्सफरहेफिंग' म्हणतात, लोकांना वर उचलणं. 1962 पासून दहा वर्षं 'हीर स्प्रेक्त मेन नेडरलंड्स' नावाचा छोटा कार्यक्रम लागायचा. 'इथे डच बोललं जातं' असा त्या नावाचा अर्थ. चुकीचा शब्द कोणता, बरोबर कोणता, हे तो हसतखेळत सांगायचा.

बाई तो कार्यक्रम बघायच्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तसंच शिकवायच्या. असं म्हणू नका, असं म्हणा. फ्लँडर्समधली एक पिढी या वाक्यावर वाढली. मी पुण्यात वाढले, त्यामुळे हे मला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडेही शाळेत 'व्हतं' म्हणणारा मुलगा 'होतं' म्हणेपर्यंत उभा राहायचा. बाईंनी एकदा मला सांगितलं की त्यांनी हजारभर मुलांच्या तोंडून त्यांच्या आजीची भाषा काढून घेतली. त्यांच्या आवाजात पश्चात्ताप होता की अभिमान, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही असावेत. आता त्यांची स्मृती विरळ होत चालली आहे आणि थकल्या की त्या हागेलंडच्या बोलीत बोलतात, त्यांच्या आईच्या. तेव्हा त्यांचं बोलणं समजायला मला वेळ लागतो.

पण लागला तरी समजतं, आणि त्याचं श्रेय तुमच्या दुसऱ्या वाहिनीला आहे.

मी इथे आले तेव्हा संध्याकाळच्या वर्गात डच शिकत होते. वर्गातलं डच स्वच्छ होतं, इस्त्री केलेल्या कपड्यांसारखं. बाहेर पडले की बेकरीतल्या बाईचं एक वाक्य कळत नसे. रात्री मूल झोपलं की मी टीव्ही लावायचे आणि टेलिटेक्स्टचं 888 क्रमांकाचं पान उघडायचे. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तिथे बोललेलं सगळं डचमध्येच लिहून येतं. माझ्यासाठी ते पान म्हणजे शिकवणी होती. 'टेरझाके' या चालू घडामोडींच्या कार्यक्रमात मंत्र्यांना आडवे प्रश्न विचारले जायचे, आणि मी कानाने ऐकून डोळ्याने पडताळायचे. एखाद्या माहितीपटात पश्चिम फ्लँडर्सचा शेतकरी बोलायला लागला की इतर डच भाषकांसाठीही खाली मथळे, म्हणजे सबटायटल्स, यायचे. मला ते पहिल्यांदा पाहून खूप बरं वाटलं होतं. म्हणजे इथल्या लोकांनाही सगळं कळत नाही तर! आणि त्या शेतकऱ्याला कोणी 'नीट बोला' म्हणत नव्हतं. त्याची बोली तशीच ऐकवायची आणि खाली सगळ्यांसाठी लिहायची.

'इथे डच बोललं जातं'पासून त्या मथळ्यांपर्यंत जो प्रवास झाला, तोही ओळख बदलणंच होतं. चांगल्या अर्थाने. तेव्हा माझं म्हणणं असं धरू नका की ही म्हातारी माणसं आणि त्यांची मदतनीस जुनं ते सोनं म्हणत बसली आहेत. तुमच्या वाहिनीने याआधी स्वतःला बदललं आहे आणि त्यातून ती मोठी झाली आहे.

कॅनव्हासचा जन्मही संकटातून झाला. 1 फेब्रुवारी 1989 ला व्हीटीएम ही खासगी वाहिनी आली आणि काही वर्षांत बीआरटीचे प्रेक्षक भराभरा निघून गेले. कंटाळवाणी सरकारी वाहिनी असा शिक्का बसला. मग 1997 साली सरकारशी पहिला व्यवस्थापन करार झाला आणि संस्थेचा सगळा कारभार नव्याने मांडला गेला. पहिल्या वाहिनीने सगळ्यांना परत बोलवायचं आणि दुसरीने खोलात जायचं, अशी ती वाटणी होती. पण खोलात जाणं म्हणजे कपाळाला आठ्या घालणं नव्हे, हे कॅनव्हासने पहिल्यापासून दाखवलं. 'इन द ग्लोरिया' आणि नंतर 2004 मधलं 'हेट आयलांड', ऑफिसातल्या माणसांची ती विनोदी मालिका, याच वाहिनीवर आल्या. आज माझ्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात त्यातली वाक्यं म्हणींसारखी येतात. कोणतं वाक्य कुठलं हे कळायला मला ते सगळे भाग शोधून बघावे लागले, तेव्हा कुठे जेवणाच्या सुट्टीतल्या हसण्यात मी सामील झाले.

आता मला ज्या कार्यक्रमाबद्दल सर्वांत जास्त बोलायचं आहे तिथे येते.

2018 साली तुम्ही 'किंडरन व्हान द कोलोनी' दाखवलंत. वसाहतीची मुलं. बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोमध्ये जन्मलेली, वाढलेली, राबलेली माणसं, गोरी आणि काळी, कॅमेऱ्यासमोर एकेकटी बसून आपली आठवण सांगत होती. त्याआधीच्या वर्षी याच पद्धतीने, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना साथ देणाऱ्यांच्या मुलांनी आपल्या घरातलं मौन तुमच्याकडे मोडलं होतं. ओरडणं नाही, थरारक संगीत नाही. एक माणूस, एक खुर्ची, आणि तो गप्प झाला तर ते गप्प राहणंही तुम्ही कापलं नाहीत.

तेव्हा आमच्याकडे एक आजोबा होते, तरुणपणी काँगोतल्या तांब्याच्या खाणींच्या मुलखात, कटांगात, नोकरी केलेले. पहिल्या भागाला ते उठून गेले. दुसऱ्या भागाला दारात उभे राहिले. तिसऱ्याला बसले. मग एका सकाळी त्यांना आंघोळ घालत असताना ते माझ्याशी बोलायला लागले. घरात कामाला असलेल्या एका मुलाचं नाव त्यांना साठ वर्षांनी आठवलं होतं, आणि त्याला आपण कसं हाक मारायचो हेही. मी ज्या देशातून येते तिथेही गोऱ्या साहेबांच्या बंगल्यात अशी मुलं होती, कदाचित म्हणूनच त्यांनी मला ते सांगितलं असेल. त्यांच्या स्वतःच्या मुलांना त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांनी, 30 जून 2020 रोजी, काँगोच्या स्वातंत्र्याला साठ वर्षं झाली त्या दिवशी राजे फिलिप यांनी तिथल्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहून खेद व्यक्त केला. आजोबा तोवर गेले होते. पण त्यांच्यापुरतं जे बोलायचं ते त्यांनी बोलून टाकलं होतं.

आपली ओळख काय, हा प्रश्न फ्लँडर्समध्ये सध्या मोठ्या आवाजात विचारला जातो. 2023 च्या सुरुवातीला तुमच्या पहिल्या वाहिनीवर, तेव्हाच्या 'एन'वर, 'हेट फरहाल व्हान फ्लांडरन' ही मालिका आली, फ्लँडर्सची गोष्ट, टॉम वास यांनी सांगितलेली. आमच्याकडे ती झाडून सगळ्यांनी पाहिली. घोडे होते, जहाजं होती, निएंडरथाल माणूसही होता. रविवारची संध्याकाळ छान जायची. माझ्या मुलाने इतिहासाच्या वर्गात त्यावर निबंध लिहिला आणि मलाही ती आवडली. पण इतिहास अभिमानाने सांगायला सरकारं नेहमीच पैसे देतात, जगात कुठेही. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला हळूहळू आत येऊन बसायला लावणारं काम दुसरी वाहिनी करते, आणि त्यासाठी सहसा कोणी मंत्री टाळ्या वाजवत नाही. म्हणून ते तुम्हालाच जपावं लागेल.

संगीताबद्दलही सांगते. दर वर्षी मे महिन्यात राणी एलिझाबेथ स्पर्धा होते. कधी व्हायोलिन, कधी पियानो, कधी गायन, 2017 पासून चेलोही. पियानोच्या वर्षी बारा जण अंतिम फेरीत पोहोचतात. त्यांना वॉटरलूच्या संगीतगृहात आठवडाभर बाहेरच्या जगापासून दूर ठेवतात आणि कोणीही आधी न वाजवलेली, न ऐकलेली नवी रचना त्यांच्या हातात देतात. फोन नाही, गुरू नाही. आठवड्याने तो मुलगा किंवा मुलगी ब्रसेल्सच्या बोझारच्या सभागृहात येते आणि आख्ख्या वाद्यवृंदाबरोबर ती रचना वाजवते. रोज दोघं, सोमवार ते शनिवार, सहा रात्री. कॅनव्हास ते सगळं दाखवतं.

माझे वडील मला सवाई गंधर्वला न्यायचे. सतरंजीवर मांडी घालून, शाल पांघरून. पुढे काय ऐकायला मिळणार हे माहीत नसायचं. एखादा तरुण गायक यायचा, त्याचं नाव ऐकलेलं नसायचं, आणि तासाभराने आजूबाजूचे लोक एकमेकांकडे बघायला लागायचे. हा कोण? बोझारच्या त्या रात्रींत मला तेच मिळतं. गंमत म्हणजे तो महोत्सव आणि फ्लेमिश दूरचित्रवाणी, दोन्ही 1953 चीच. 2025 मध्ये नेदरलँड्सचा निकोला मेउवसन जिंकला, तेव्हा निकालाला मध्यरात्र उलटून गेली होती. रात्रपाळीची सिस्टर मला म्हणाली, यांना झोपवायला हवं. मी म्हटलं, दहा मिनिटं थांब. बाईंची मान कलली होती, पण त्यांची बोटं चादरीवर चालू होती.

त्या रात्री बाईंनी पियानोची स्पर्धा मागितली नव्हती. कोणालाही विचारलं असतं की आज काय बघायचं, तर कोणी अनोळखी संगीतकाराची नवी रचना सांगितली नसती. हे मला तुमच्यापुढे ठळकपणे मांडायचं आहे, कारण व्हीआरटी मॅक्स नेमकं उलटं करतं. तिथे पडदा विचारतो, काय हवं? आणि काल जे घेतलं तेच आज पुढे करतो.

आमच्याकडे लग्नकार्यात पूर्वी पंगती बसायच्या. वाढपी ओळीने येत. नको म्हणून पानावर हात आडवा धरला तरी आजीच्या वयाचा वाढपी बोटांच्या फटीतून चमचाभर कोशिंबीर सोडून जायचा, "खाऊन तर बघ." पुष्कळ पदार्थ मला असेच आवडायला लागले. आता बुफे असतो. हातात ताट घेऊन आपण फिरतो आणि घरी रोज खातो तेच वाढून घेतो. बुफेला माझी हरकत नाही, रात्रपाळी करणाऱ्या बाईला तो सोयीचा आहे. माझा मुलगा सगळं मॅक्सवरच बघतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. पण तुमच्या घरी एक पंगत अजून उठलेली नाही. ती उठवू नका.

तुमच्यासमोर काय अडचणी आहेत हे मी थोडंफार समजते. या शतकाच्या सुरुवातीला फ्लँडर्सने टीव्हीचा परवाना-कर रद्द केला. तेव्हापासून तुमची भाकरी सरकारी अनुदानावर आणि दर पाच वर्षांनी होणाऱ्या करारावर आहे. 2021 च्या सप्टेंबरमध्ये तुम्ही 116 पदं कमी करायचं जाहीर केलंत, तेव्हा माझ्या शेजारच्या घरात त्या बातमीने रात्रभर दिवा जळत होता. तरुण मुलं पडद्यासमोर ठरल्या वेळी बसत नाहीत. अमेरिकेहून येणाऱ्या सेवांकडे तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा आहे. सगळ्या वाहिन्यांवर एकच नाव असलं तर लोकांना कळतं की हे सगळं आपल्याच पैशातून आलेलं आहे, हा युक्तिवाद मला पटतो. त्या तीन अक्षरांच्या मागे 'कॅनव्हास' हा शब्द तुम्ही ठेवलात, पुसला नाहीत, याचाही मला आनंद आहे.

फक्त एक भीती आहे. नाव जसं एका मोठ्या छत्रीखाली गेलं, तसे तासही हळूहळू जातील. आधी माहितीपट मॅक्सवर, मग आठवड्याने वाहिनीवर, मग रात्री अकरानंतर, मग फक्त मॅक्सवर. कोणी बंद केलं असं कधीच होणार नाही. एक दिवस आठ वाजता बाईंनी हात वर केला की लागेल ते आधी कुठेतरी लागून गेलेलं असेल. तेव्हा आकडे दाखवून म्हणता येईल, बघा, दुसरी वाहिनी आता कोणी बघत नाही.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. माझ्या लहानपणी पुण्याला सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबई दूरदर्शन यायचं. 'आमची माती, आमची माणसं' शेतकऱ्यांसाठी असायचं, आणि आम्ही फ्लॅटमध्ये राहणारी माणसंही ते बघायचो. 'प्रतिभा आणि प्रतिमा'मध्ये लेखक तासभर निवांत बोलायचे. 'साप्ताहिकी' लागली की वडील वही घेऊन बसायचे आणि आठवड्याचे कार्यक्रम लिहून घ्यायचे. मग खासगी वाहिन्या आल्या. सरकारी वाहिनी राहिली, नाव बदललं, सह्याद्री झाली, आजही आहे. पण आमच्या घरी तिच्यासाठी वही घेऊन बसणं कधी थांबलं, हे मला आठवत नाही. वडिलांनाही सांगता आलं नाही. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते. एकट्या पुणे जिल्ह्यात 94 लाख माणसं. आख्खं फ्लँडर्स त्याहून लहान, सत्तर लाखांच्या आतबाहेर. तरी रोज रात्री ठरल्या वेळी, स्वतःच्या भाषेत, घाई न करता, मोठ्या माणसांशी मोठ्यांसारखं बोलणारी वाहिनी तुमच्याकडे आहे. आमच्या भाषेत मी ती शोधते आणि मला सापडत नाही. मराठी वाचणाऱ्यांना मी याच्यासाठी या पत्रात ओढलं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कामाच्या दिवशी रात्री आठ ते अकरा हे तीन तास दुसऱ्या वाहिनीचे आहेत असं येत्या कराराच्या काळात लेखी द्या, आणि त्या तासांत नवा, डचमध्ये केलेला, पूर्ण लांबीचा कार्यक्रम आधी तिथे दाखवा. मॅक्सवर त्याच रात्री ठेवा, माझी ना नाही. पण वाहिनीला शिळं वाढू नका. 888 चे मथळे मॅक्सवरच्या प्रत्येक तुकड्याला लावा, दोन मिनिटांच्या तुकड्यालाही. आमच्या मजल्यावर काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणी माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या आहेत, आणि त्यांना फोनवर दोन मिनिटांचा तुकडाच बघायला सवड मिळते. बोलीतल्या माणसांच्या खाली मथळे लिहिण्याची पद्धत कधीही सोडू नका. आणि तुमच्या जुन्या फितींमधलं आठवड्यातून एकदा काहीतरी वाहिनीवर लावा. मेमो ही गेंटची संस्था त्या फिती डिजिटल करते आहे हे मला माहीत आहे, पण आमच्या बसायच्या खोलीतलं कोणी संकेतस्थळावर जाऊन शोधणार नाही. 1962 चा तो भाषेचा कार्यक्रम बाईंना पुन्हा एकदा बघायचा आहे. त्यांनी तसं सांगितलेलं नाही. मी सांगते आहे.

एक गोष्ट अजून. 'वसाहतीची मुलं' तुम्ही केलीत, 'प्रतिकार करणाऱ्यांची मुलं' केलीत. अँटवर्पच्या हिऱ्यांच्या गल्लीत तीन पिढ्या काढलेली गुजराती कुटुंबं आहेत, लिंबुर्खच्या खाणींत उतरलेल्या इटालियन आणि तुर्की मजुरांची नातवंडं आहेत, आणि फ्लँडर्सच्या म्हाताऱ्यांना उठवणाऱ्या-बसवणाऱ्या आमच्यासारख्या बायका आहेत. आमच्यावर बातम्या होतात, तीन मिनिटांच्या. आम्हाला ती एक खुर्ची द्या, आणि न कापलेलं गप्प राहणं द्या. आम्ही डचमध्येच बोलू. उच्चार चुकतील, तेव्हा खाली लिहा.

2026 च्या मे महिन्यात चेलोची पाळी आहे. त्या सहा रात्रींपैकी एका रात्री, तुमच्यापैकी कोणीही, आमच्याकडे या. रेयर्सहून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे. पावणेआठपर्यंत पोहोचा म्हणजे कॉफी गरम मिळेल. बाईंच्या डाव्या बाजूची खुर्ची सोडून बसा, त्या बाजूने त्यांना ऐकू येत नाही. आठ वाजत आले की त्या सांगतील काय लावायचं ते. रिमोट तुमच्या हातात देईन.

आपली,
कॅनव्हासची एक प्रेक्षक
लुव्हेन